सुया बसतील अशी केसिंग

मेहनाजभाभींना मी कधी बसून चहा पिताना पाहिलं नाही. दिग्रसला मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायची, जवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होते. सकाळी मी बसस्टँडकडे निघाले की भाभी खाली अंगणात दिसायच्या. एका हातात कप, दुसऱ्या हातात झाडू नाहीतर ओला कपडा, आणि नजर तिसरीकडेच. घोटभर चहा प्यायचा, कप ओट्यावर ठेवायचा, न्हाणीकडे जायचं, परत यायचं, थंड झालेला चहा तोंडाला लावायचा. त्यांचे यजमान अय्याजभाई कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, जिनिंगमध्ये, फिटर होते. ते खाटेवरून म्हणायचे, "बैठ की जरा. जमीन भाग नहीं जाती." घरात त्यांची बोली हिंदी. मी समोर असले की मात्र दोघंही बहुधा वऱ्हाडीतच बोलत.

भाभींचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा होता, पण फक्त बायकांच्या बाजूचा. मेहंदी, हळद, पडद्याआडचं गाणं-बजावणं, नवरीची तयारी, बिदाई. तिथं पुरुष कॅमेरावाला चालत नाही, म्हणून आधी त्या भागाचं शूटिंग व्हायचंच नाही. भाभींच्या भावाचा कारंज्यात फोटो स्टुडिओ होता. त्यानं नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना बहिणीला दिला, आणि तिथून हे सुरू झालं. पुढं मुसलमान घरांबरोबर इतरांकडूनही बोलावणी येऊ लागली. आमच्या बंजारा तांड्यातल्या माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात ढावलो, म्हणजे नवरीच्या पाठवणीची रडगाणी, गाणाऱ्या बायांचं शूटिंग भाभींनीच केलं होतं. एरवी कॅमेरा दिसला की पदर तोंडावर ओढणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या त्या दिवशी भाभींना म्हणाल्या, "अशी पुढं ये बाई, तिथून काय दिसते?"

प्रत्येक घरी निघताना एक वाक्य ठरलेलं असायचं. घरातली मोठी बाई दारापर्यंत यायची आणि म्हणायची, "मेहनाज, आतलं आतच राहू दे." भाभी मान हलवायच्या. हा शब्द पाळायचा म्हणून त्या मिक्सिंगसुद्धा, म्हणजे शूटिंगची काटछाट-जोडणी, कोणाकडे द्यायच्या नाहीत. कॉम्प्युटर भावाकडून शिकल्या, चुकतमाकत पुढचं स्वतःच शिकल्या.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव असा पडला होता की काही शेतकरी गाडी बाजारात आणून तशीच परत नेत. अय्याजभाईंची जिनिंग एरवी होळीपर्यंत चालायची, त्या साली संक्रांतीच्या आतच थंडावली. लग्नांतून आधी बँड गेला, मग शूटिंग गेलं. बायकांच्या बाजूचं तेवढं कसंबसं टिकलं, कारण भाभी ऐपत पाहून घ्यायच्या. जिल्ह्यात तेव्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळं बाहेरचे कॅमेरे मात्र फार आले. मुंबई-दिल्लीच्या गाड्या खेड्याखेड्यांत जायच्या आणि बायकांना रडताना टिपून न्यायच्या. भाभी एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "रडताना काढाले समदेच येतात." आणि भाजी तशीच टाकून उठून गेल्या.

अडचण होती लाइटची. दिग्रसला दिवसाचा बराचसा वेळ लोडशेडिंग असायचं. मिक्सिंग अर्ध्यात बंद पडायचं, केलेलं काम जायचं. यवतमाळला जिल्ह्याचं ठिकाण म्हणून लाइट जरा बरी, आणि भाभींची धाकटी बहीण तिथंच दिलेली. तिच्याकडे कॉम्प्युटर होता. म्हणून भाभी शूटिंग एका छोट्या हार्ड डिस्कवर उतरवून यवतमाळला न्यायच्या, बहिणीकडे बसून काम करायच्या आणि संध्याकाळच्या एसटीनं परत यायच्या. ती डिस्क भावाच्या मोडलेल्या लॅपटॉपमधली, तळहातावर मावेल एवढी. नुसती डिस्क कॉम्प्युटरला जोडता येत नाही; तिला एक पेटी लागते, जिच्यातून वायर निघते. त्या पेटीला केसिंग म्हणतात. भाभींची केसिंग प्लास्टिकची होती, साबणदाणीसारखी हलकी. ओढणीत गुंडाळून, डब्याच्या पिशवीत ठेवून ती दारव्ह्याच्या रस्त्यानं आदळत-आपटत जायची-यायची. अशा दोन केसिंग आधीच मोडल्या होत्या. ही तिसरी.

जानेवारीत माझं यवतमाळला प्रशिक्षण होतं. सुटल्यावर मी भाभींच्या बहिणीकडे गेले, बरोबरच परतू म्हणून. भाभी कॉम्प्युटरपुढे उभ्या होत्या. खुर्ची मागे सरकवलेली.

"मॅडम, डिस्क दिसून नाही राह्यली," त्या म्हणाल्या.

वायर जिथं पेटीत शिरते तो तुकडा आतून सुटला होता. वायर दाबून धरली की दिवा लागायचा, सोडली की विझायचा. त्या डिस्कवर गेल्या काही हंगामांतली सगळी लग्नं होती आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तमन्नाचं लग्न, अर्धं मिक्सिंग झालेलं. तमन्ना ही सरकीचे व्यापारी बशीरसेठ यांची मुलगी, मूर्तिजापूरला दिलेली. कॅसेटी महाग, म्हणून भाभी एक लग्न डिस्कवर उतरवलं की तीच कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायच्या. तमन्नाच्या कॅसेटींवर आता दुसऱ्याच घरची हळद होती. म्हणजे जे काही होतं ते या डिस्कवरच होतं.

आम्ही बाजारात गेलो. फैज नावाच्या एका तरुणाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. बोलायला नम्र, कामाला चांगला, असं बहिणीचं म्हणणं. त्यानं पेटी उघडली, पाहिली आणि म्हणाला, "आपा, या प्लास्टिकमध्ये काही दम नसतो. आतली पट्टी नुसती चिकटवलेली असते. डिस्क चांगली असंल. माझ्याकडं ठेवून जा, दुसऱ्या डिस्कवर काढून देतो."

"मले फक्त केसिंग पाह्यजे."

"तीच तर अडचण आहे. तुमची डिस्क जुनी, हिला सुया आहेत." त्यानं डिस्कची कड आमच्याकडे केली. बारीक सुयांच्या दोन ओळी होत्या. "आता सगळ्या केसिंग चपट्या पिनच्या येतात. सुयांचा माल आम्ही मागवणंच बंद केलं."

"मंग तुम्ही कशानं काढसाल?"

"माझ्याकडं एक जोडणी आहे. पण ती एकच आहे आपा, दुकान त्याच्यावर चालते. ती विकता येणार नाही."

"माह्यासमोर काढसाल?"

"चार-पाच तास लागतील. बसा तुम्ही. पण आधी माझ्या कॉम्प्युटरवर घ्यावंच लागंल, मग तिकडून दुसरीकडं."

"म्हंजे ते तुमच्या कॉम्प्युटरवर राहीन."

"लगेच काढून टाकतो ना."

भाभींनी दुकानाच्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, काढून टाकलेला डेटा परत मिळवून देऊ. फैज हसला. त्यानं डिस्क पुसून, कागदात गुंडाळून परत दिली. भाभींनी ती पिशवीत ठेवली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरता उतरता तीनदा पिशवी चाचपली. परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या, मग उठून कडेच्या सीटवर बसल्या, दारव्ह्याला खाली उतरून पुन्हा चढल्या.

आता ही गोष्ट एवढ्यावर राहिली असती. पण त्या दुकानात आम्हाला दिग्रसच्या कोणीतरी पाहिलं. आणि त्याच आठवड्यात गावात एक क्लिप फिरू लागली. तेव्हा नवे मोबाइल आले होते, एकाकडून दुसऱ्याकडे ब्लूटूथनं काहीही जायचं. कुठल्याशा लग्नघरातल्या बायका नाचताना, पाठीमागून, चोरून काढल्यासारखी ती क्लिप. पानठेल्यावर पोरं माना एकत्र करून पाहायची. एक माणूस म्हणाला, मेहनाज शूटिंगवाली डिस्क घेऊन यवतमाळच्या दुकानात गेलती. दुसरा म्हणाला, मग त्यातूनच निघालं असंल. दोन वाक्यं जवळ ठेवली की तिसरं आपोआप तयार होतं.

शमसुन्निसा चाची, म्हणजे तमन्नाची आई, दुपारी भाभींकडे आल्या. भारी बुरखा, जड शरीर, जिना न चढताही धाप लागायची. मी त्या दिवशी सुट्टीवर होते. भाभींनी मला हाक मारून खाली बोलावून घेतलं. एकटीला तोंड देववत नसावं.

"तमन्नाचं शूटिंग कुठं हाय?" चाचींनी बसल्याबरोबर विचारलं.

"माह्याजवळच हाय चाची."

"दाखव."

"डिस्कची पेटी मोडली. दुरुस्त झाल्याशिवाय दिसत नाही."

"दुकानात गेलती तू?"

"गेलती. पन डिस्क हातातून सोडली नाही. मॅडम होत्या संग."

चाचींनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की खरं आहे. त्यांनी ऐकून घेतलं, पण माझं म्हणणं त्यांच्या कामाचं नव्हतं. "तू म्हनतं ते मी मानतो, मेहनाज. पन मानून काय करू? तिच्या सासरी हे पोचलं तं मी काय सांगू? मले डोळ्यानं दिसू दे की ते तुह्याकडंच हाय." त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "त्यात मी नाचली हाय. या वयात." आणि गेल्या.

त्या दिवसापासून भाभींना घर पुरेना. घासलेली भांडी पुन्हा घासायच्या. अंगणात सकाळी सडा, दुपारी सडा. बाजारात जायला निघायच्या आणि अर्ध्या रस्त्यातून परत यायच्या, वाटेत दोन बायका बोलताना दिसल्या म्हणून. फेब्रुवारीतल्या दोन लग्नांची बोलणी झाली होती. दोन्ही घरांतून निरोप आला की सध्या राहू द्या.

अय्याजभाईंनी आपल्या परीनं प्रयत्न केला. जिनिंगचे रोलर बसवणारे ते हात, या बारीक कामाला मोठे पडायचे. त्यांनी सुटलेला तुकडा डाग देऊन बसवला, वर कपडे वाळवायचा चिमटा लावला. दिवा लागला. भाभी टाळी वाजवणार तेवढ्यात डिस्कमधून कट्-कट् आवाज आला आणि दिवा पुन्हा गेला. भाभींनी चिमटा काढून परत लावायला हात पुढे केला, तर अय्याजभाईंनी वायरच उपटली.

"बस. आता नको," ते म्हणाले. "करंट असा तुटून तुटून गेला तं डिस्कबी जाईन. मशीनचा आवाज मले समजते."

"मंग काय करू? बसू?"

"पेटी शोध."

मग पेटीचा शोध सुरू झाला. पुसदला जाऊन आल्या. तिथल्या दुकानदारानं चपट्या पिनची केसिंग सुयांच्या डिस्कवर लावून दाखवली आणि "बसते थोडं जोर लावून" असं म्हणाला. भाभींनी डिस्क हिसकावून घेतली. कारंज्याला भावाकडे गेल्या. भावानं सगळे खण उपसले, पण निघाली ती एक तुटकी प्लास्टिकचीच. दुसऱ्यांदा यवतमाळला गेल्या, फैजनं नागपूरला फोन लावून पाहिला. तिकडून उत्तर आलं की एक आहे, पण ती प्लास्टिकची. भाभी नको म्हणाल्या. मी विचारलं, "घेऊन टाकायची होती, निदान आत्ताचं काम तरी झालं असतं." त्या म्हणाल्या, "मॅडम, चार दिवसांनी हीच धावपळ परत. आता एकदाच घेईन, पन बसच्या धक्क्यानं मरनार नाही अशी." त्या वेळी मला तो हट्ट वाटला होता.

टिकाऊ केसिंग म्हणजे नेमकी कशी असते, हे त्यांना एका अनोळखी माणसाकडून कळलं. दिग्रसच्या बसस्टँडवरच्या कँटीनमध्ये एक टीव्हीवाला बसला होता, पुढ्यात लॅपटॉप, बाजूला नारिंगी रबराच्या वेष्टनातली एक डिस्क. आम्ही एसटीची वाट पाहत होतो. कँटीनच्या पोऱ्यानं टेबल पुसताना ती डिस्क फरशीवर पडली. भाभींनी "या अल्ला" म्हणून डोळेच मिटले. त्या माणसानं डिस्क उचलली, पँटवर पुसली आणि काम पुढे चालू केलं.

परक्या माणसाशी स्वतःहून न बोलणाऱ्या भाभी सरळ त्याच्या टेबलाशी गेल्या. "ही कुठं भेटते?"

तो पुण्याकडचा होता, बोलायला सरळ. "ही ऑफिसची आहे ताई. महिन्याच्या किराण्याहून महाग पडेल. पण तुम्हाला रबर कशाला हवं? अॅल्युमिनियमची साधी केसिंग घ्या, खिशाला परवडते. घेताना दोनच गोष्टी पाहा. आतली पट्टी स्क्रूनं बसवलेली हवी. आणि वायर घुसते ते तोंड धातूला टेकलेलं हवं, बोटानं हलवलं तर हलता कामा नये." भाभींनी सुयांचं सांगितलं. तो म्हणाला की अशा जुन्या वस्तू हैदराबादच्या बाजारात अजून मिळतात.

मग त्यानं विचारलं, "तुम्ही कसलं शूटिंग करता?"

"लग्नाचं."

तो जरा पुढे झुकला. "कापसाच्या पट्ट्यातलं एखादं घर असेल का तुमच्याकडे? म्हणजे लग्नात हसतंखेळतं, आणि पुढे त्याच घरात काही वाईट झालं असं? आम्हाला आधीचे दिवस दाखवायला लागतात. पैसे देऊ."

"माह्याकडं काही नाही," भाभी म्हणाल्या आणि माझ्या दंडाला धरून बाहेर आल्या. असं घर त्यांच्या डिस्कवर होतं. एक नाही, दोन होती. हे त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

हैदराबाद म्हटल्यावर मला माझा भाऊ सुनील आठवला. तो ट्रकवर ड्रायव्हर होता, नागपूर–हैदराबाद फेऱ्या करायचा. मी त्याला फोन लावून दिला. सुनील म्हणाला, "डिस्क पाठव माझ्याजवळ, तिथंच लावून पाहून घेतो." भाभी लगेच म्हणाल्या, "डिस्क नाही देनार. माप देतो."

माप कसं द्यायचं? भाभींनी तमन्नाच्या लग्नाची उरलेली पत्रिका काढली, तिचा जाड पुठ्ठा डिस्कच्या सुयांवर हळूच दाबला. पुठ्ठ्यावर दोन ओळींची भोकं उमटली, मध्ये एका सुईची जागा रिकामी. बाजूला पट्टीनं डिस्कची लांबी, रुंदी, जाडी आखली. सुनील पुढच्या फेरीला नागपूरहून निघाला तेव्हा पांढरकवड्याच्या हायवेवर माझ्या मामाच्या मुलानं तो पुठ्ठा त्याच्या हाती दिला. त्यानंतर आठवडाभर भाभी दर संध्याकाळी वर येऊन विचारायच्या, "भाऊचा फोन?" मी नाही म्हटलं की जिन्यातच उभ्या राहायच्या, खालीही जायच्या नाहीत, वरही यायच्या नाहीत.

फोन आला तो भर दुपारी, शाळेत. सुनील म्हणाला, "बाई, भेटली. दुकानदार म्हणे असा माल मागनारे तुम्ही या महिन्यात पहिलेच. उद्या पांढरकवड्याला ढाब्यावर गाडी लावतो. तिकडं यवतमाळकडं वळता येत नाही, माल भरून हाय."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही पहाटेच्या गाडीनं निघालो, यवतमाळला बदलली, पांढरकवड्याला पोचलो. ढाब्यासमोर ट्रकांची रांग होती. सुनील बनियनवर, खांद्यावर टॉवेल, आमच्याकडे येताना हसत होता. त्यानं खिशातून कागदात गुंडाळलेली पेटी काढली. करड्या अॅल्युमिनियमची, बोटभर जाड, हातात घेतली की वजन कळणारी. भाभींनी ढाब्याच्या टेबलावर ओढणी पसरली, पिशवीतून डिस्क काढली, स्क्रूड्रायव्हर काढला. आधी वायरचं तोंड बोटानं हलवून पाहिलं. हललं नाही. मग स्क्रू उघडून आतली पट्टी पाहिली, ती स्क्रूनं कसलेली होती. मग सुया. त्या दोन ओळी पट्टीच्या भोकांसमोर आणल्या आणि अंगठ्यानं अगदी हळू दाबलं. कुठंही न अडता डिस्क आत गेली.

"बसली," सुनील म्हणाला.

"बसली," भाभी म्हणाल्या. "पन चालली का, हे कुठं समजलं?"

ढाब्यावर कॉम्प्युटर कुठून असणार. सुनीलनं जेवायचा आग्रह केला. भाभी दोन घास खाऊन उठल्या. परतीचा प्रवास मला फार लांब वाटला. यवतमाळला बहिणीकडे जाऊन पाहू या, असं मी सुचवलं, तर बहिणीच्या घराला कुलूप, ती माहेरी कारंज्याला गेली होती. पुढं दारव्ह्याच्या अलीकडे एसटीचं चाक बसलं. उतारू खाली उतरून झाडाखाली बसले. दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची शेतं, काही ठिकाणी बोंडं वेचायचीच राहिली होती, कारण वेचणीची मजुरीसुद्धा निघत नव्हती. भाभी बांधाबांधानं चालत राहिल्या, छातीशी पिशवी, आणि ड्रायव्हरनं हॉर्न दिला तेव्हा पळत परत आल्या.

घरी पोचलो तर लाइट नव्हती. अय्याजभाईंनी कॉम्प्युटरवरचं कापड आधीच काढून ठेवलं होतं. सांजवेळी पंखा फिरला आणि भाभींनी वायर लावली. पेटीवरचा निळा दिवा लागला. आम्ही तिघंही कट्-कट् आवाजाची वाट पाहत होतो. तो आला नाही. पडद्यावर डिस्कचं चित्र उमटलं, त्यात लग्नांची नावं, आणि सगळ्यांत शेवटी तमन्ना.

अय्याजभाई उठले आणि अंगणात जाऊन बसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, इतक्या वर्षांत त्यांनी यातलं एकही लग्न पाहिलं नव्हतं. डिस्क दुरुस्त करायला बसायचे, पण पडद्यावर काही उमटायच्या आत उठायचे. त्यांना कोणी तसं सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी आले तेव्हा शमसुन्निसा चाची आलेल्या होत्या. दार लावून भाभींनी शूटिंग सुरू केलं. मेहंदी, गाणी, मुलींचा धिंगाणा. आणि मग चाची, ओढणी कमरेला बांधून, दोन्ही हात वर करून, मांडवाच्या मधोमध. कोणीतरी ढोलक जोरात वाजवतंय, तमन्ना हसता हसता रडतेय. चाची पडद्याकडे पाहत होत्या, तोंडावर हात होता. संपेपर्यंत हलल्या नाहीत.

भाभी म्हणाल्या, "चाची, तुमच्यासमोर सीडी बनवतो. ती तुम्ही घेऊन जा. आनि डिस्कवरचं आत्ताच्या आत्ता काढून टाकतो. मंग गावात कोनी काही म्हनो."

"गावात काय म्हनन?" चाची म्हणाल्या. "ती क्लिप तं आपल्याकडची नाहीच. आमच्या पुतन्यानं परवाच सांगितलं, कुठल्या दुसऱ्या जिल्ह्यातली हाय. मोबाइलनं काढलेली."

भाभी उभ्याच होत्या. "परवा समजलं?"

"परवा नाही तं त्याच्या आधल्या दिवशी."

"आनि मले?"

"सांगाचं राहून गेलं, बेटा."

मी भाभींना संतापलेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आवाज चढला नाही. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली, केसिंग ओढणीत गुंडाळली. म्हणाल्या, "मी इथून तिथून कुत्र्यावानी फिरली चाची. पुसद, कारंजा, पांढरकवडा. माह्या दारात लोकं येनं बंद झालं. तुम्ही दोन गल्ल्या पलीकडं राहता." मग म्हणाल्या, "मी आता शूटिंग करनार नाही."

चाची म्हणाल्या, "त्या क्लिपमधली पोरगी आपल्याकडची नाही, पन कोनाची तरी हायेच नं. हे समजल्यावर मले बरं वाटलं, आनि मंग बरं वाटलं म्हनून लाज वाटली. म्हनून आली नाही." त्या जड उठल्या. "चूक झाली माही. पन एक सांगतो. सीडी नको देऊ. आमच्या घरी टीव्ही बैठकीत हाय, पाह्यनारे समदे मानसं. मी कुठं लावू? काढूनबी नको टाकू. तुह्याकडंच राहू दे."

भाभींनी हो म्हटलं नाही. चाची गेल्या. जाताना वाटेत जी भेटली तिला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण चार दिवसांत फेब्रुवारीतल्या दोन्ही घरांतून पुन्हा निरोप आला की शूटिंगला या. भाभींनी एका घरी स्पष्ट नाही कळवलं. दुसऱ्या घरची नवरी स्वतः आली, परीक्षेला बसणारी मुलगी, आणि दारातच रडायला लागली. ते लग्न भाभींनी केलं.

त्यानंतर त्यांनी एक नियम केला. लग्न झालं की नवरीला आणि घरातल्या मोठ्या बाईला वेगवेगळं विचारायचं: ठेवू, की काढू? जी म्हणेल काढ, तिच्यासमोर काढायचं. आधीच्या सगळ्या घरीही त्या स्वतः फिरल्या, गल्लोगल्ली, भर उन्हाची. बहुतेक जणी ठेव म्हणाल्या. काहींनी काढायला लावलं. एका सुनेनं फक्त आपलं नाचणं तेवढं काढायला लावलं आणि आठवड्यानं येऊन विचारलं, ते परत टाकता येईल का. भाभींनी नाही सांगितलं. त्या दोन घरांमध्येही त्या गेल्या, जिथं पुढं वाईट झालं होतं. तिथं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

पुढच्या हंगामात जिनिंग सुरूच झाली नाही. मालकानं यंत्रं विकायला काढली. अय्याजभाईंना वणीला ट्रकांच्या एका गॅरेजमध्ये काम मिळालं, आणि त्या दोघांनी दिग्रसचं घर भाड्यानं देऊन बिऱ्हाड हलवलं. सामान भरताना भाभींनी ती केसिंग ट्रकमध्ये ठेवली नाही, स्वतःच्या पिशवीत घेतली. मीही त्याच वर्षी बदली मागून घेतली.

दोन वर्षांनी चंद्रपूरला जाताना मी वणीला उतरले. त्यांचं घर कोळशाच्या रस्त्यावर, दाराला, खिडक्यांना काळी पूड. भाभी खाणीच्या वसाहतीतल्या लग्नांना जाऊ लागल्या होत्या. तिथं आंध्राचे, बिहारचे, कुठकुठले लोक. "भाषा समजत नाही मॅडम," त्या म्हणाल्या, "पन बाया पडद्याच्या आत गेल्या की सारख्याच वागतात." अय्याजभाईंनी चहा केला. मी बसून घेतला. भाभींना त्या दिवशी मारेगावला हळद होती आणि गाडीची वेळ झाली होती. कॅमेऱ्याचा स्टँड एकटीला जड होतो म्हणून तो मी उचलला, आणि आम्ही दोघी कोळशाच्या ट्रकांच्या कडेकडेनं बसस्टँडकडे निघालो.